वीर कोणासाठी उभा राहतो?
होमरचे वीर, आपले पोवाडे आणि आजचे शौर्य



‘शूर कोण?’ असे विचारले की आपल्या तोंडी चटकन नावे येतात. कोणी तानाजी म्हणतो, कोणी बाजीप्रभू, तर कोणी चित्रपटातल्या एखाद्या नायकाचे नाव घेतो. पण ‘तो शूर का?’ असे पुढे विचारले, की बहुतेकांचे उत्तर एकच असते : ‘त्याने पुष्कळ शत्रू मारले म्हणून.’ हे उत्तर पुरेसे आहे का? तसे असेल तर ज्याच्या हाती अधिक बळ तो अधिक शूर, असे म्हणावे लागेल आणि मग आपल्यासारख्या साध्या माणसांना शौर्याशी काही देणेघेणेच उरणार नाही.

हा प्रश्न तपासण्यासाठी आज आपण थोडा लांबचा प्रवास करू. प्रथम प्राचीन ग्रीसमध्ये जाऊ, तेथून सह्याद्रीच्या खिंडीत येऊ आणि शेवटी आपल्या तापीकाठी पोहोचू.

दोन देश, एकच रीत

‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ ही ग्रीकांची दोन महाकाव्ये. होमर नावाच्या कवीने ती रचली असे परंपरा मानते. त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे आठवे शतक, म्हणजे सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा धरतात. ही काव्ये पुस्तकात वाचण्यासाठी जन्मली नव्हती. गायक तंतुवाद्याच्या साथीने ती लोकांसमोर गात असत. पुढे ती लिहिली गेली आणि प्रत्येकी चोवीस सर्गांत विभागली गेली.

हे वाचताना आपल्याला शाहीर आठवला नाही तरच नवल! डफाची थाप, तुणतुण्याची साथ, मागे झील धरणारे साथीदार आणि समोर बसलेला गाव. आपल्या वीरांच्या कथाही आधी कानांनी ऐकल्या गेल्या आणि मग कागदावर आल्या. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा हे त्यातले प्रसिद्ध. असे अनेक पोवाडे गोळा करून अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये त्यांचा संग्रह छापला, म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोहोचले.

दोन्हीकडे रीत एकच : वीराची गोष्ट सर्वांनी मिळून ऐकायची आणि ऐकता ऐकता आपण कसे वागावे हे ठरवायचे. म्हणूनच या गोष्टी नीट ऐकायला हव्यात.

अकिलीस : बळ अफाट, पण कोणासाठी?

इलियडची कथा ट्रॉयच्या युद्धाची आहे. युद्ध दहा वर्षे चालले, पण होमर त्यातल्या शेवटच्या वर्षातले काही आठवडेच सांगतो. काव्याचा पहिलाच शब्द आहे ‘क्रोध’. हा क्रोध आहे अकिलीसचा.

अकिलीस हा ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा. सेनापती अगामेम्नॉन त्याला लुटीत मिळालेला वाटा सर्वांदेखत हिरावून घेतो. अकिलीसचा अपमान झाला हे खरेच, आणि चूक अगामेम्नॉनचीच. पण त्यावर अकिलीस काय करतो? तो शस्त्र खाली ठेवून आपल्या तळावर जाऊन बसतो. आपल्यावाचून ग्रीकांची दैना व्हावी, म्हणजे आपली किंमत कळेल, असा त्याचा हिशेब. दैना होतेच. शेकडो साथीदार मरतात. शेवटी त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याचेच चिलखत घालून रणात उतरतो आणि मारला जातो. मग अकिलीस उठतो. पण तेही सूड घेण्यासाठी.

ग्रीक भाषेत वीराच्या कीर्तीला ‘क्लेओस’ असा शब्द आहे. मेल्यानंतरही लोकांनी आपले नाव गावे, ही त्या वीरांची सर्वांत मोठी इच्छा. अकिलीसने दीर्घ पण सामान्य आयुष्य नाकारून अल्पायुष्य आणि अमर कीर्ती पत्करली होती. पण गंमत पाहा, दुसऱ्या काव्यात, ओडिसीत, मृतांच्या जगात तो पुन्हा भेटतो तेव्हा काय म्हणतो? सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा जिवंतपणी एखाद्या गरीब शेतकऱ्याकडे मजुरी केलेली बरी! कीर्तीसाठी सर्व काही दिलेल्या वीराचे हे बोल होमरने मुद्दाम ऐकवले आहेत.

वर्गात, खेळाच्या संघात, मंडळात आपणही कधी कधी अकिलीस होतो. ‘मला कप्तान केले नाही ना? मग मी खेळतच नाही!’ अपमान खरा असू शकतो. पण त्याची किंमत कोण मोजते, हे पाहायला हवे. ती बहुधा आपला पॅट्रोक्लस मोजतो.

हेक्टर : भीती वाटली तरी

आता तटबंदीच्या पलीकडे जाऊ. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर हा अकिलीसइतका बलवान नाही. हे युद्ध त्याने सुरू केलेले नाही. धाकट्या भावाच्या करणीमुळे ते नगरावर आले आहे. पण नगराचे रक्षण त्याच्यावर येऊन पडले आहे.

सहाव्या सर्गातला एक प्रसंग जगभर प्रसिद्ध आहे. हेक्टर रणातून घटकाभर नगरात येतो. पत्नी अँड्रोमाकी त्याला परत जाऊ नकोस म्हणून विनवते. तो तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तर शिरस्त्राणावरचा तुरा पाहून बाळ घाबरून रडू लागते. आईबाप दोघेही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, बाळाला उचलून घेतो आणि मग पुन्हा रणाकडे निघतो. ट्रॉय एक दिवस पडणार हे तो स्वतःच पत्नीला सांगून चुकला आहे.

पुढे अकिलीस समोर येतो तेव्हा हा हेक्टर चक्क पळतो! नगराच्या तटाभोवती तीन फेऱ्या मारतो. होमर ते लपवत नाही. शेवटी मात्र हेक्टर थांबतो, वळतो आणि लढून मरतो. मित्रहो, भीती न वाटणे म्हणजे शौर्य नव्हे. भीती वाटल्यावरही आपल्यामागे कोण आहे हे आठवून थांबणे, म्हणजे शौर्य.

घोडखिंड : काही घटकांचे शौर्य

हेक्टरची गोष्ट वाचताना आपल्या मनात बाजीप्रभू देशपांडे उभा राहतो. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे निघाले. पाऊस, चिखल आणि पाठलागावर मोठी फौज. घोडखिंडीत बाजीप्रभू थांबला. परंपरा सांगते की त्याच्यासोबत सुमारे तीनशे बांदल मावळे होते आणि महाराज गडावर पोहोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत खिंड सोडायची नाही असे ठरले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बाजीप्रभूला ती फौज नष्ट करायची नव्हती. तेवढे बळच नव्हते. त्याला फक्त काही घटका हव्या होत्या आणि त्याही स्वतःसाठी नव्हे. त्याने किती शत्रू मारले याचा नक्की आकडा इतिहासाला सांगता येत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. त्याने कोणासाठी वेळ मिळवला, हे मात्र आपण विसरलेलो नाही.

कोंढाण्याची लढाई (४ फेब्रुवारी १६७०) याच जातीची. मुलाचे लग्न बाजूला ठेवून तानाजी निघाला, असे पोवाडा सांगतो. घोरपडीची कथा कविकल्पना असावी असे इतिहासकार मानतात, आणि ‘सिंहगड’ हे नावही त्या लढाईच्या आधीच्या कागदांत सापडते. म्हणून पोवाडा खोटा ठरतो का? नाही. तपशील इतिहासाकडून घ्यावा. वीर कोणासाठी घर सोडून गेला, हे पोवाड्याकडून समजून घ्यावे. दोन्हींत गल्लत मात्र करू नये.

ओडिसियस आणि शिवा काशीद : नावाचा मोह

ओडिसीचा नायक ओडिसियस बुद्धीने लढणारा. एकदा तो आणि त्याचे साथीदार पॉलिफीमस नावाच्या एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत अडकतात. राक्षस नाव विचारतो, तेव्हा ओडिसियस सांगतो, ‘माझे नाव कोणीच नाही.’ रात्री ते राक्षसाचा डोळा फोडतात. राक्षस ओरडतो, बाकीचे राक्षस बाहेरून विचारतात, ‘तुला कोण छळते आहे?’ हा म्हणतो, ‘कोणीच नाही!’ ते निघून जातात. सकाळी ओडिसियस आणि वाचलेले साथीदार मेंढ्यांच्या पोटाखाली लपून सुटतात.

किती सुंदर युक्ती! पण गलबत किनाऱ्यापासून दूर जाताच ओडिसियसला राहवत नाही. साथीदार नको नको म्हणत असतानाही तो ओरडून आपले खरे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव सांगतो. राक्षस ते नाव घेऊन आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला, शाप द्यायला लावतो. पुढे ओडिसियस घरी पोहोचतो तो एकटाच. एकही साथीदार उरत नाही.

आता पन्हाळ्याच्या त्याच रात्रीकडे परत या. शिवा काशीद या नाभिक तरुणाची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. दिसायला महाराजांसारखा असल्याने तो त्यांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला आणि मुद्दाम शत्रूच्या हाती सापडला. खरे कळल्यावर त्याला ठार मारण्यात आले. पन्हाळ्याच्या पायथ्याशी नेबापूर येथे त्याची समाधी दाखवतात.

ओडिसियसला काही घटकासुद्धा ‘कोणीच नाही’ होऊन राहणे जमले नाही. शिवा काशीद दुसऱ्याच्या नावाने जगण्यासाठी नव्हे, मरण्यासाठी गेला. हाती तलवार घेऊन शंभर माणसे पाडणे सोपे नसेलच. पण आपले नावही सोडून देणे त्याहून अवघड आहे.

समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी

इलियडचा शेवट कशाने होतो, ठाऊक आहे? ट्रॉय जिंकल्याने नव्हे. लाकडी घोड्याची गोष्टही त्यात येत नाही. हेक्टरला मारल्यावर अकिलीस त्याचे प्रेत रथाला बांधून फरफटतो. मग एका रात्री हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, शत्रूच्या छावणीत येतो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेऊन प्रेत मागतो. अकिलीसला स्वतःचा म्हातारा बाप आठवतो. दोघेही रडतात. अकिलीस प्रेत परत देतो आणि अंत्यविधीसाठी अकरा दिवस युद्ध थांबवण्याचे वचन देतो. काव्य संपते ते हेक्टरच्या अंत्यसंस्काराने.

होमरचे श्रोते ग्रीक होते. हेक्टर त्यांचा शत्रू. तरीही कवीने त्यांना शत्रूच्या घरात नेले, त्याचे बाळ दाखवले, त्याच्या बापाचे अश्रू दाखवले. अकिलीसचा सर्वांत मोठा विजय हेक्टरवरचा नव्हे, स्वतःच्या क्रोधावरचा, हे त्याने शेवटी दाखवून दिले. आपल्याकडेही रावणवधानंतर राम बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करायला सांगतो, आणि अफजलखानाचे दफन प्रतापगडाच्या पायथ्याशीच झाले. पोवाड्यात मात्र शत्रू बहुधा राक्षसच असतो. तानाजीच्या पोवाड्यातला उदेभान पाहा. होमरकडून आपण घ्यावे असे हे एक आहे.

आणि हे आपण सुरतकर मराठी मुलांनी तर अवश्य घ्यावे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा. आपल्या पुस्तकात तो पराक्रमाचा धडा आहे. शेजारच्या बाकावरच्या गुजराती मित्राला मात्र ती आपल्या शहरावर आलेली आपत्ती वाटते. मग खरे कोणाचे?

दोन्ही खरे. शायिस्तेखानाने १६६० पासून तीन वर्षे पुण्यात तळ देऊन स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता. त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून करावी, असा महाराजांचा विचार होता. प्रमुख व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी असा निरोप त्यांनी आधी धाडला होता. फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो की फादर अँब्रोज या धर्मगुरूचे निवासस्थान आणि दानशूर म्हणून ख्याती असलेल्या एका दिवंगत दलालाचे घर त्यांनी वाचवले. हे खरे. आणि वीरजी व्होरासारख्यांची घरे लुटली गेली, शहराचा मोठा भाग जळाला, सामान्य माणसांचे हाल झाले, हेही त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रांतून दिसते.

महाराजांबद्दलचा आदर तसूभरही कमी न करता जळलेल्या घरातल्या माणसाचे दुःख ऐकून घेणे, हे आपल्याला जमले पाहिजे. ज्या शहराने आपल्या आजोबा-पणजोबांना काम दिले, घर दिले, मराठी शाळा चालवू दिली, त्या शहराचे आपण इतके देणे लागतो.

त्या स्वारीत निंदेला पात्र ठरला तो सुरतेचा सुभेदार इनायतखान. संकट येताच तो तापीकाठच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि नगर उघडे पडले. पाचशे शिपायांचा पगार तो घेत होता, पण शिपाई ठेवले नव्हते, असे जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. चौक बाजाराजवळचा तो किल्ला आजही उभा आहे. तेथे गेलात तर हेक्टर आणि इनायतखान यांच्यातला फरक आठवा. दोघांवर एकच जबाबदारी होती.

तापीकाठचे बिननावाचे वीर

सप्टेंबर १९९४. पूर ओसरल्यावर सुरतेत न्युमोनिक प्लेगची साथ पसरल्याचे जाहीर झाले. काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. अनेक खासगी दवाखाने बंद झाले. खानदेशातून आलेल्या कितीतरी कामगार कुटुंबांनीही गावची वाट धरली. त्यांना भित्रे म्हणू नका. लेकरे कडेवर घेऊन निघालेल्या आईबापांना कोण नावे ठेवील? हेक्टरही पळाला होता.

पण काही जण थांबले. सिव्हिल हॉस्पिटलमधले डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय. रस्त्यावरचा कचरा आणि मेलेली जनावरे उचलणारे सफाई कामगार. घरोघरी टेट्रासायक्लिनच्या गोळ्या पोहोचवणारे कर्मचारी. त्यांच्यापुढे घोडखिंडच होती. त्यांनी वेळ मिळवून दिला आणि साथ आटोक्यात आली. त्यांच्यावर कोणी पोवाडा रचल्याचे ऐकिवात नाही.

पुढे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज कचेरीतून बाहेर काढून रस्त्यावर नेले, कामाची जबाबदारी ठरवून दिली, आणि दोनएक वर्षांत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह पहिला क्रमांक मिळवला. पहाटे झाडू मारणाऱ्या हजारो हातांचे हे ‘क्लेओस’ आहे. फक्त त्यात कोणाचे नाव नाही.

वीराची गरजच पडू नये म्हणून

शेवटचे काही शब्द पालक आणि विश्वस्त मंडळींसाठी.

२४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीला आग लागली आणि तेथील शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी गेले. त्या गर्दीतला एक तरुण इमारतीवर चढून मुलींना खाली उतरवत होता. सर्व देशाने ते पाहिले. त्याच्या धैर्याला नमस्कार असो. पण त्याला चढावे का लागले, हा प्रश्न अधिक मोठा आहे.

जिथे वीराची गरज पडते, तिथे बहुधा कोणीतरी आपले साधे काम आधीच केलेले नसते. इनायतखानाने शिपाई ठेवले असते तर? जिन्याची वाट मोकळी असती तर? शाळेतली आग विझवण्याची नळकांडी तपासणे, बाहेर पडण्याचा दरवाजा कुलूपबंद नाही ना हे पाहणे, मुलांकडून आपत्तीच्या वेळची कवायत वर्षातून दोनदा करून घेणे, यावर कोणी कथा लिहिणार नाही. पण तेही शौर्यच आहे, कारण ते दुसऱ्याच्या लेकरांसाठी आहे आणि त्यात नाव मिळत नाही.

म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी ‘शूर कोण?’ असे कोणी विचारले, तर लगेच नाव सांगू नका. आधी तीन गोष्टी विचारा : तो कोणासाठी उभा राहिला? नाव न मिळतासुद्धा तो उभा राहिला असता का? आणि समोरच्याचे दुःख त्याला दिसले का?

स्वाध्याय

१. अकिलीस आणि हेक्टर यांपैकी तुम्हाला कोण अधिक जवळचा वाटतो? का? दहा ओळींत लिहा.

२. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या मंडळींना १९९४ च्या प्लेगच्या आणि ऑगस्ट २००६ च्या महापुराच्या आठवणी विचारा. तेव्हा कोणी कोणाला मदत केली, ते लिहून आणा.

३. १६६४ च्या स्वारीचे वर्णन दोन प्रकारे करा : एकदा मावळ्याच्या तोंडून आणि एकदा सुरतेतील एखाद्या दुकानदाराच्या तोंडून. दोन्ही वर्गात वाचून दाखवा.

४. आपल्या गल्लीतील सफाई कामगाराचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर उद्या सकाळी विचारा.